दूरमाळची लंगडी यंत्रं

दूरमाळ हा ग्रह मी आणि येसूने मिळून वसवला, आणि मिळूनच बुडवला. वसवायला एक उन्हाळा पुरला. बुडवायला जास्त वेळ लागला, कारण बुडणं आम्हाला अगदी तपशिलात माहीत होतं. रोज डोळ्यांसमोर तेच चाललेलं होतं. मोखाड्याहून सूर्यमाळकडे जीप चढायला लागली की एका वळणावर सपाट माथा लागायचा. त्या माथ्यावर आमच्या पाटबंधारे खात्याची वसाहत होती. खाली धरण बांधायचं म्हणून ती आधी बांधली होती. मग धरण नकाशावरून उठलं आणि दुसऱ्याच कुठल्या नदीवर जाऊन बसलं. वसाहतीला उठून जाता येईना, म्हणून ती तिथेच राहिली, आणि तिच्यात आम्ही.

वसाहत बांधणाऱ्याने मात्र हात आखडला नव्हता. साहेबांचे बंगले, त्याखाली बाबू लोकांची घरं, त्याखाली आमच्यासारख्यांच्या चाळी, अशी सगळी उतरंड डोंगराच्या उतारावर जशीच्या तशी मांडली होती. कोण कोणापेक्षा उंच ते पाहुण्याला लांबूनही कळावं. वायरलेसची खोली होती, लेथ असलेला कारखाना होता, रस्त्यावर दिवे होते, जनरेटर होता, सकाळ-संध्याकाळ वाजणारा भोंगा होता, आणि क्लबमध्ये पुस्तकांचं एक कपाट होतं, ज्याची किल्ली हरवल्यामुळे ते सदैव उघडं असे. सगळ्यांत वर, विश्रामगृहासमोर, एक कारंजं होतं. ज्या मुलखात मे महिन्यात बायका झऱ्याशी बसून वाटीने पाणी भरतात तिथे कारंजं बांधायचं कोणाच्या डोक्यात आलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझं मत असं झालं आहे की ते कोणाच्याही डोक्यात आलं नसावं. ते नमुना आराखड्यात असणार.

माझ्या आठवणीतली वसाहत ही भरलेली कमी आणि रिकामी होत चाललेलीच जास्त आहे. आधी वायरलेस गेला, आणि त्याच्याबरोबर वायरलेसवाले काका, काकू आणि त्यांच्या दोन मुली, ज्यांच्याशी मी सागरगोटे खेळायची. मग जनरेटर गेला, त्याच्यासोबत ऑपरेटरचं घर गेलं. लेथ ट्रकवर चढवताना तो चालवणारे टर्नरकाका स्वतः लहान मुलाला झोपवावं तसं त्याच्याखाली गोणपाटं सारत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचंही सामान त्याच आकाराच्या ट्रकवर चढलं. ट्रक वळणाआड गेला की आई दारात उभी राहून पदराला हात पुसायची. हात ओले नसले तरी पुसायची. मग आत येऊन भात टाकायची, आणि पुढे कितीतरी दिवस तिचा अंदाज चुकून भात उरायचा. शेजारी कोणाला वाटी देता येईल या हिशेबानं तिचा हात मापात पडायचा, आणि शेजार तर उरलाच नव्हता.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी आम्ही, एक भांडारपाल आणि एक वॉचमन, एवढीच घरं राहिली होती. वॉचमन मोखाड्यालाच जास्त असे. मला अभ्यासाला कुठल्याही घरात बसायची मुभा होती. एखादं घर निवडायचं, भिंतीवर राहिलेल्या कॅलेंडरच्या खिळ्याला दप्तर अडकवायचं आणि बसायचं. ओट्यावर फोडणीचे डाग असायचे, दारावर कोणाच्या तरी मुलाची उंची खडूने आखलेली असायची. वारा सुटला की वरच्या रांगेतला एक सुटलेला पत्रा वाजायचा, आणि मी दरवेळी मान वर करून बघायची, कोणी आलं का म्हणून. पत्रा आहे हे ठाऊक असूनही बघायची.

या सगळ्या जाण्याला एक नियम होता, आणि तो आमच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, सर्वांत आधी ओळखला. जे यंत्र चालू असे ते खात्याला दुसरीकडे हवं असे, आणि ते जाई. जे बंद पडलेलं असे ते 'निकामी' असा शेरा मिळून जागेवर राही. लेथ चालत होता, लेथ गेला. रस्त्याचा रोलर बंद पडला होता, तो राहिला. त्याच्यावर ओढ्यापलीकडच्या पाड्यावरच्या बकऱ्या चढत आणि साहेबांच्या रुबाबात खालच्या चाळींकडे बघत. म्हणजे ज्यांनी आपलं काम चोख ठेवलं त्यांनीच वसाहत रिकामी केली, आणि ज्यांनी हयगय केली त्यांच्या वस्तू अजून इथे उन्हापावसात उभ्या होत्या. अप्पा फिटर होते. आयुष्यभर चोख काम करणाऱ्या माणसाला हा नियम समजायला फार जड गेला असणार.

त्यांच्या हाती आता एकच यंत्र उरलं होतं, ते म्हणजे ओढ्याकाठच्या विहिरीवरचा पंप. डिझेलचं हिरवं इंजिन, हँडल फिरवून सुरू करायचं. पंपाला आधी वरून पाणी पाजावं लागे. विहिरीच्या तळाचा व्हॉल्व्ह गळका होता, त्यामुळे रात्रभरात पाइप रिकामा होई, आणि रिकामा पंप नुसता फिरतो, पाणी उचलत नाही. म्हणून पंपघरात एक पिंप भरून ठेवलेलं असे. त्या पिंपाला कोणी हात लावत नसे. विहिरीवर खात्याची लोखंडी जाळी होती, पोहरा सोडता येत नसे, त्यामुळे पाड्यावरच्या बायका उन्हाळ्यात पंपघराच्या बाहेरच्या नळावर पाणी भरत. नियमाने त्यांना ते भरता येत नव्हतं, पण नियम सांगायला कोणी उरलं नव्हतं, आणि अप्पा सांगत नव्हते. शेवटचा हंडा भरणारी बाई घरी जायच्या आधी एक कळशी पंपाच्या पिंपात ओती. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बियाणं जसं कितीही ओढाताण झाली तरी कोणी दळून खात नाही, तसं ते पाणी. तहानलेलं पोर रडत असलं तरी त्या पिंपात वाटी बुडत नसे.

येसू त्या पाड्यावरची. माझ्याहून थोडी मोठी असावी. तिचं नक्की वय तिच्या आईलाही सांगता येत नव्हतं, 'मोठा पाऊस झाला त्या साली' एवढंच. ती आश्रमशाळेत चौथीपर्यंत जाऊन परत आली होती, कारण तिथलं वरण तिला आवडलं नाही. नळावरची रांग लांब असे आणि आमच्याकडे वेळच वेळ असे. क्लबच्या कपाटातलं मी वाचून ठेवलेलं तिला सांगायची. ग्रह, तारे, आकाशात जाणारी यानं. तिला त्यातलं एकच पटलं, की लांब कुठेतरी माळावर माणसं नेऊन ठेवता येतात. "सूर्यमाळ हाय ना, तसा दूरमाळ," ती म्हणाली. ग्रहाचं नाव ठरलं.

दूरमाळावर एक धातू सापडला होता म्हणून पृथ्वीने तिथे माणसं पाठवली. त्यांच्यासोबत पाणी करणारी यंत्रं, हवा करणारी यंत्रं, भोंगा, आणि येसूच्या आग्रहाने नागली. (यानातले साहेब फक्त तांदूळ खात, हेही तिचंच.) मग पृथ्वीला दुसरीकडे स्वस्त धातू मिळाला. दर महिन्याला येणारं यान सणासुदीला यायला लागलं, मग सणही चुकवायला लागलं. जेव्हा यायचं तेव्हा एक तपासनीस उतरायचा, सगळी यंत्रं फिरून बघायचा आणि जी चालू असतील ती परत घेऊन जायचा. इथपर्यंत माझं होतं. पुढचं येसूचं. ती हंड्यावर बसून म्हणाली, "मंग ती मानसं काय येडी हायत? यंत्राला लंगडायला शिकवायचं."

झालं. दूरमाळचे लोक यंत्रांना लंगडायला शिकवू लागले. तपासनीस आला की हवेचं यंत्र खोकायचं, पाण्याचं यंत्र नुसतं गुरगुरायचं. आणि तपासनिसाने विचारलं की पोरांनी एकसुरात म्हणायचं, "मेलं ते, कवाच मेलं." हे वाक्य येसू अशा काही तोंडाने म्हणायची की रांगेतल्या बायका डोक्यावरची चुंबळ सांभाळत हसायच्या. त्यांना वाटायचं आम्ही कोणाच्या तरी सासूबद्दल बोलतोय. पण गोष्ट पुढे गेली तसं मला त्यातलं एक सुचलं आणि ते मी येसूला सांगितलं नाही, कारण ते मला आवडलं नव्हतं. लंगडायला शिकवलेली यंत्रं बघतच मुलं मोठी होणार. आईबाप सोंग करताहेत हे त्यांना कोणी सांगणार नाही, कारण भिंतीलाही कान. मग ती मुलं मोठी होतील तेव्हा त्यांना यंत्र चालतं कसं हे कोण सांगणार?

हल्ली मंगळावर वसाहत करायच्या बातम्या येतात. पहिल्या यानातून कोण जाणार याची चर्चा मी आवडीने वाचते. शेवटच्या यानात कोणाला जागा मिळणार नाही, याबद्दल अजून कोणी काही छापलेलं नाही.

एप्रिल संपताना बशीरचाचा आले. जव्हारला त्यांचं मोटारी बांधायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचं, दुकान होतं, आणि अप्पांशी दोस्ती. ते आले की आई कांदा परतून सुकट करी आणि तांदळाच्या भाकरी, कारण नागली त्यांना जड जाई. भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, "अप्पा, मुबारक हो. तुमच्या कॉलनीचा रौप्य महोत्सव आहे."

अप्पांना वाटलं ते थट्टा करताहेत. पण ती थट्टा नव्हती. खात्यात कोणाच्या तरी ध्यानात आलं होतं की वसाहतीला पंचवीस वर्षं झाली, आणि अशा वेळी जे करायचं असतं ते करायचं ठरलं होतं. मंडप, हार, वरून एक मोठे साहेब, आणि कारंजं सुरू करून उद्घाटन.

"तीन घरांचा महोत्सव?" आई म्हणाली.

"वहिनी, घरं मोजून महोत्सव केले तर या देशात मंडपवाले उपाशी मरतील," बशीरचाचा म्हणाले. मग त्यांनी अप्पांकडे वळून आवाज खाली केला. "पण ऐक. मोठे साहेब फुकट नाही येत. त्यांच्या नव्या साइटवर पंप पाहिजे. कारंजं उडालं, की त्यांना पंप दिसला. चालू मशीन म्हणजे उपवर पोरगी आहे बाबा, बघायला आले की नेणारच."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुला अभ्यास नाही का गं?" मी उठून दाराआड उभी राहिले.

"मग काय करू?" अप्पांचा आवाज आला.

"मला काय विचारतोस? फिटर तू आहेस. तुझा पंप, तुझं नाव."

"पंप नेला तर पाड्याला पाणी नाही. पाऊस अजून लांब आहे."

"आणि नाही चालला तर तुला नावं ठेवतील. सगळ्यांसमोर. तुला चालेल?"

दाराच्या फटीतून मला दिसलं, अप्पा भाकरीचा तुकडा सुकटीत बुडवून तसाच धरून बसले होते. आई म्हणाली, "भाकरी गार होतेय," आणि त्यांनी तो खाल्ला.

त्यांनी काय करायचं ठरवलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, पण मी त्यांच्याबरोबर पंपघरात जात असे, त्यामुळे मला दिसलं. विहिरीतून येणाऱ्या पाइपावर एक लहानशी तोटी होती, एरवी गच्च बंद असायची. महोत्सवाच्या सकाळी त्यांनी ती किंचित सैल केली आणि तिच्याभोवती चिखलात बुडवलेलं गोणपाट गुंडाळलं. आता पंप कितीही फिरो, पाण्याऐवजी हवाच ओढणार. पाना खाली ठेवून त्यांनी हात पुसले आणि मला म्हणाले, "काही बोलायचं नाही." मी मान हलवली. एवढंच.

महोत्सव ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून खरा वाटणार नाही. रस्त्याकडची घरं रंगवली होती, फक्त रस्त्याकडची बाजू. रिकाम्या घरांच्या खिडक्यांना पडदे लावले होते. दगडांना चुना मारला होता. रोलरवरच्या बकऱ्या हाकलून त्याच्या चाकालाही चुना मारला, तेव्हा तो प्रथमच काहीतरी करत असल्यासारखा दिसला. गर्दी हवी म्हणून पाड्यावरच्या लोकांना बोलावलं होतं. कारंजं झालं की नळ सोडू असं सांगितल्यामुळे बायका हंडे घेऊनच आल्या होत्या, आणि रिकामे हंडे मांडीवर घेऊन मंडपात बसल्या होत्या. भाषणात मोठे साहेब म्हणाले की या उजाड माळरानावर खात्याने नंदनवन फुलवलं. बायकांना टाळ्या केव्हा वाजवायच्या ते सांगितलं होतं, पण हात मोकळे नव्हते, म्हणून त्यांनी हंडे वाजवले. तो आवाज टाळ्यांपेक्षा चांगला होता. साहेब खूश दिसले.

मग सगळे उठून ओढ्याकडे आले, कारण मोठ्या साहेबांना स्वतः हँडलला हात लावायचा होता. त्यांनी हँडलला हात लावला, फोटो निघाला, मग अप्पांनी ते फिरवलं. पिंपातलं पाणी अप्पा आधीच पाजून बसले होते. इंजिन सुरू झालं. धूर झाला. वर कारंज्यापाशी उभा केलेला वॉचमन हात हलवून सांगत होता: काही नाही. अप्पांनी इंजिन बंद केलं, पुन्हा पाणी पाजलं, पुन्हा फिरवलं. काही नाही. पिंप रिकामं झालं. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं, आणि तेवढ्यात येसूची आई, भिमामावशी, पाड्याच्या वाटेने धावत निघाली.

आम्हाला वाटलं ती कंटाळून घरी गेली. ती घरचा भरलेला हंडा घेऊन परत आली, तो घरात उरलेला शेवटचा. "फिटरभाऊ, ह्यो घ्या, पाजा त्याला," ती धापा टाकत म्हणाली. अप्पा तिच्याकडे बघतच राहिले. नको म्हणावं तर का नको? साहेब बघत होते. अप्पांनी हंडा घेतला आणि पाणी पंपात ओतलं. मी तोटीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी माझी नजर तिथेच गेली. गोणपाटातून पाण्याची एक बारीक रेघ चिखलात उतरत होती. इंजिन फिरलं. काही नाही. पण तोवर आणखी दोघी वाटेला लागल्या होत्या. पाड्यावर जेवढं प्यायचं पाणी होतं ते सगळं डोक्यावर बसून खाली येत होतं. त्यांना एवढंच कळत होतं की पंप तहानेने मरतोय, आणि त्याच्यासाठी त्या रोज पाणी ठेवत आल्या होत्या.

भिमामावशीच्या शेजारणीने आणलेला दुसरा हंडा अप्पांनी हातात घेतला, आणि मी त्यांचा हात पाहिला. ते पाना ठेवला होता त्या बाजूला झुकत होते. मला वाटतं ते तोटी बंद करणार होते. एवढं पाणी त्यांच्याने मातीत घालवलं गेलं नसतं. पंप चालला असता, कारंजं उडालं असतं, आणि पुढच्या आठवड्यात ट्रक आला असता.

तेव्हा येसू ओरडली.

"आये, नको घालू पानी! मेलं ते, कवाच मेलं!"

सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. ती विहिरीच्या कठड्यावर चढली होती. "आन् ह्या फिटरला काय येतंय? येत असतं तं हितं ऱ्हायला असता काय? जे चांगले व्हते ते कवाच गेले. चल, उचल हंडा, पोरं तहानेली हायत घरी."

आधी कोणीच हसलं नाही. मग मोठे साहेब हसले, म्हणून बाकीचे हसले. "पोरगी खरं बोलते," साहेब म्हणाले, "हिला घ्या खात्यात." मग अप्पांकडे वळले. "किती वर्षं नोकरी झाली?"

अप्पांनी सांगितलं.

"आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला एक पंप चालवता येत नाही?"

अप्पांच्या हातात अजून तो भरलेला हंडा होता. त्यांनी तो सांडू न देता भिमामावशीच्या शेजारणीला परत दिला, चुंबळीवर नीट बसेपर्यंत धरून राहिले, आणि मग म्हणाले, "नाही येत, साहेब."

मी त्यांचा आवाज तोपर्यंत कधी तसा ऐकला नव्हता. रागाचा नव्हता, दुःखाचाही नव्हता. साधा होता, एखाद्याला रस्ता विचारला आणि तो म्हणाला की मी इथला नाही, तसा.

साहेबांनी तिथल्या तिथे पंपाला निकामी ठरवून टाकलं. फराळाची पाकिटं वाटली गेली, मंडप उतरला, गाड्या गेल्या. दुपारी आईने अप्पांना जेवायला वाढलं आणि न मागता दोन पापड भाजले. खुरासणीची चटणी, नागलीची भाकरी, पापड. अप्पांनी पापड मोडला तो आवाज घरभर झाला.

संध्याकाळी मी आणि येसू रोलरच्या चाकाला टेकून करवंदं खात होतो. आमच्या पाठींना चुना लागला होता.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"तूच सांगितलंस ना."

"मी दूरमाळचं सांगितलं होतं."

"मंग?" ती म्हणाली आणि बी थुंकली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझा अप्पा रडला का गं?"

"नाही."

"मी घरी जाऊन रडले. आये म्हनली, फिटरला असं बोललीस म्हनून तुजी जीभ झडंल. तिला सांगता बी येत नाय."

दुसऱ्या दिवशी अप्पांनी तोटी बंद केली, आमच्या घरातल्या दोन बादल्या पंपात ओतल्या आणि नळ सोडला. भिमामावशी हंडा लावताना त्यांच्याकडे बघत राहिली. तिला कळलं असावं. त्या दिवसापासून येसूला वेणी घालायला बसवताना तिचे केस ओढायचं तिने बंद केलं, असं येसूच सांगायची.

पंप वाचला. मात्र आम्ही एक गोष्ट धरली नव्हती, आणि दूरमाळच्या गोष्टीतही ती नव्हती. पंप नाही म्हटल्यावर पंपाचा फिटर कशाला? पावसाच्या तोंडावर अप्पांच्या बदलीचा हुकूम आला. जायच्या आधीच्या दिवसांत ते येसूला आणि तिच्या मोठ्या भावाला पंपघरात बसवून शिकवत होते. भावाने हँडल मारायचं, येसूने पाणी पाजायचं आणि कान द्यायचा. "आवाज पातळ आला तर थांबायचं, जाड आला की झालं," एवढंच ते म्हणायचे, पुन्हा पुन्हा. मी दारात उभी असायची. मला कधी त्यांनी शिकवलं नव्हतं. मला पुस्तकं होती. येसू मान तिरकी करून ऐकायची आणि तिला आवाज जाड झालेला माझ्याआधी कळायचा. मला तिचा हेवा वाटला, हे लिहायला हरकत नाही. आपल्याबरोबर कोणीच नाही असं मला त्या वसाहतीत अनेकदा वाटलं होतं, पण त्या पंपघराच्या दारात जितकं वाटलं तितकं रिकाम्या चाळीतही नव्हतं वाटलं.

ट्रक निघाला तेव्हा ती आली नाही. पंप चालू होता, तो सोडून तिला येता येत नव्हतं. चौथीपर्यंत जाऊनही तिला लिहिता-वाचता येत होतं ते नावापुरतं, आणि माझी दोन पत्रं तिला कोणी वाचून दाखवली की नाही मला कळलं नाही. नंतर ऐकलं की ती लग्न होऊन जामसरकडे गेली. पंप किती वर्षं चालला याबद्दल लोक वेगवेगळं सांगतात. आता तिथे एक नवी योजना झाली आहे. तिच्या उद्घाटनाचा फोटो मला माझ्या भाच्याने फोनवर पाठवला. फोटोत सगळे फितीकडे बघत आहेत, नळ कुठे आहे ते दिसत नाही.

नवी जागा सपाटीवर होती, शहराला लागून. तिथे इतकी माणसं होती की आईला पहिले काही दिवस भात कमी पडायचा. नळाला दोन वेळ पाणी यायचं. 'पंप चालवता येत नाही' हा मोठ्या साहेबांचा शेरा अप्पांच्या आधीच तिथे पोचला होता, त्यामुळे त्यांना भांडाराच्या दारावर बसवलं होतं: येणारा माल मोजायचा, जाणारा मोजायचा. पाना लागत नव्हता. त्यांनी शेऱ्याबद्दल कोणाला काही सांगितलं नाही, आणि सांगून उपयोगही नव्हता. पंप चालतो म्हटलं असतं तर तो आणायला ट्रक गेला असता. सुरुवातीला ते संध्याकाळी घरी आले की माझ्याकडे बघून जरासे हसायचे, आपल्या दोघांना काहीतरी माहीत आहे असं. मीही हसायची. ते हसणं हळूहळू कमी झालं. नेमकं कधी थांबलं, ते माझ्या लक्षात राहिलं नाही.

तिथे आम्ही नागली सोडून गहू खायला लागलो होतो. त्या वर्षीच्या दिवाळीआधी मी आणि अप्पा डबा घेऊन गिरणीत गेलो. गिरणी बंद पडली होती. आत गिरणीवाला आणि एक तरुण मेकॅनिक पट्टा काढून, घालून, पुन्हा काढून घामाघूम झाले होते. मोटर सुरू केली की एक घरघर यायची आणि पट्टा घसरायचा. बाहेर बायकांची रांग लागली होती, प्रत्येकीच्या पायाशी डबा. कोणीतरी म्हणत होतं, आज काही होत नाही, उद्या या.

मोटर पुन्हा सुरू झाली. मी अप्पांकडे बघितलं. त्यांची मान थोडी तिरकी झाली होती. मी खूप वेळ वाट पाहिली आणि मग हळूच म्हटलं, "अप्पा, कळलं ना काय झालंय ते? सांगा ना त्यांना."

ते मोटरकडेच बघत होते. "मला नाही येत त्यातलं काही," ते म्हणाले.

तोच आवाज. इथला नसलेल्या माणसाचा. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, ते हसतील म्हणून, निदान डोळे तरी. तिथे साहेब नव्हते, कोणी नेणारं नव्हतं, फक्त रांगेतल्या बायका होत्या, आम्ही दोघं होतो आणि डबा. आणि मला कळेना, ते सोंग करताहेत की खरंच सांगताहेत. मी त्यानंतरही बरीच वर्षं त्यांच्याबरोबर राहिले. मला ते कधीच कळलं नाही.

अप्पांनी डबा या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाले, "चल. चौकात दुसरी गिरणी आहे."